चौथा तास, खाली आणि वर

खरे सर आणि वैशंपायन बाई एकमेकांशी बोलत नसत, ही माझ्या नववीच्या वर्षातली सगळ्यात मोठी सोय होती. कसबा पेठेतल्या आमच्या मुलींच्या शाळेत खरे सर खालच्या मजल्यावर गणित शिकवत आणि त्यांच्या बरोबर डोक्यावर, वरच्या मजल्यावर, वैशंपायन बाईंचा गायनाचा वर्ग भरे. मधे फक्त जुनी लाकडी तक्तपोशी. वर वीस-पंचवीस मुलींनी पायानं ठेका धरला की खाली सरांच्या टेबलावर, हजेरीपटावर आणि टकलावर बारीक माती पडायची. सर खिडकी उघडायची लांब काठी उचलत आणि तक्तपोशीला तीनदा ठोकत. त्यावर बाई मुलींना म्हणत, "खालून दाद आलेली दिसते. पुन्हा घ्या, आणि या वेळी मोकळ्या आवाजात." हे बरीच वर्षं चाललं होतं. पुण्यात अबोला धरायला इतकं मोठं कारण लागतही नाही. इथे तर ते रोज चौथ्या तासाला ताजं होत होतं.

नववीत विषय निवडायचे असत. एक तर उच्च गणित घ्यायचं, नाहीतर साधं अंकगणित घेऊन त्याच्या जोडीला गायन-वादन. दोन्ही घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण दोन्हींचा तास एकच, चौथा. ज्यांनी वेळापत्रक बांधलं त्यांची समजूत अशी असावी की हुशार मुलगी गाणार नाही आणि गाणाऱ्या मुलीला भूमिती घेऊन काय करायचंय. परवा माझ्या नातीनं, अन्वीनं, तिच्या शाळेचा विषय निवडायचा फॉर्म फोनवर भरला. तिच्यापुढे अकरा विषय, प्रत्येकाखाली माहितीचा व्हिडिओ आणि शंका विचारायला एक समुपदेशक ताई. तरी पोरगी तीन दिवस रडवेली. "आजी, तुमच्या वेळी बरं होतं, दोनच ऑप्शन," असं म्हणाली. दोनांत माणूस किती घोळ घालू शकतो ते तिला नीट कळावं म्हणून हे लिहायला बसले आहे.

आम्ही वारज्याचे. तेव्हाचं वारजं म्हणजे वावरं, विहिरी, बांधावरची बोरं आणि शहराकडे जाणारा एक धुळकट रस्ता. आता मी जिथे सातव्या मजल्यावर राहते तिथे खाली आमची मेथी असायची. पार्किंगमधून गाडी काढताना जावई जिथे हमखास खांबाला घासतो तिथे कोथिंबीर. घरात नाना म्हणजे माझे वडील, आई, थोरला भाऊ आणि मी. विहिरीवर पाणी उपसायचं रॉकेलचं इंजिन होतं आणि त्याची एक खोड होती. फट् फट् फट्, मग चौथा ठोका खाऊन टाकायचं आणि पुन्हा फट् फट् फट्. चुलीपुढे बसून मी भाकरी खात असले तरी तो खाल्लेला ठोका मी मानेनं भरून काढायची. आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, "इंजिन वर्साला दुरुस्त व्हतं, ह्या पोरीची मान कवा व्हायची?" तिच्या हातच्या बाजरीच्या भाकरीला एका बाजूनं जो फुगा यायचा तसा मला चाळीस वर्षं प्रयत्न करून आलेला नाही. माझ्या भाकरीला अन्वी पापड म्हणते.

नाना गावच्या भजनात मृदंग वाजवायचे. त्यामुळे वाजवण्याला त्यांचा विरोध नव्हता. ते शिकायला शाळेत जावं लागतं हेच त्यांना पटत नव्हतं. "त्येला शाळा कशापायी? आमी काय फी भरून शिकलो?" त्यांना मुलीनं शिकायला हवं होतं ते गणित, आणि त्याला कारण होतं. एकदा आमच्या बांधाची मोजणी झाली होती. मोजणीवाला साखळी टाकून, कागदावर आकडे मांडून, घाईघाईनं काहीतरी सांगून गेला आणि नानांनी त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावली. तो गेल्यावर ते बराच वेळ बांधावर बसून राहिले. घरी येऊन एवढंच म्हणाले, "एकबी शब्द कळला न्हाई मला. घरात एक मानूस तरी असं पायजे, त्येला उलट इचारनारं." भाऊ गणितात दोनदा आपटला होता. उरले मी. (पुढे पुन्हा मोजणी झाली तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन साखळीबरोबर चालले. मोजणीवाला दोनदा चुकला, मी एकदा. नानांनी गावभर फक्त त्याच्या चुका सांगितल्या.)

शाळा अकराला भरायची आणि मी पेठेत आठलाच पोचलेली असायची, कारण मी नानांबरोबर भाजीच्या बैलगाडीतून यायची. मेथीच्या जुड्यांवर ओलं पोतं टाकून त्यावर मी. मंडईत गाडी लागली की मला काही काम नसे. मग मी चालत शेख मास्तरांच्या दुकानात जायची. मास्तर कसब्यातल्या एका बोळात तबले, ढोलक्या, मृदंग दुरुस्त करायचे. त्यांच्या घराण्याचा तोच धंदा होता, त्याच बोळात, किती पिढ्या ते त्यांनाही सांगता येत नसे. नानांच्या मृदंगाचं कातडं त्यांच्याकडेच चढवलेलं, म्हणून ओळख. दुकान एवढंसं की मी आत गेले की एक ढोलकी बाहेर ठेवावी लागायची. मास्तर तबल्याची शाई घोटत, चामड्याच्या वाद्या ताणत, मधेच हातोडीनं कडेला टिचकी मारून कान देत. सुरुवातीला मी नुसती बसायची. मग एक दिवस माझ्या जेवणाच्या डब्यावर बोटं वाजताना त्यांनी पाहिली आणि न बोलता एक जुना तबला माझ्याकडे सरकवला. "डब्याला कशाला मारतेस बेटा? त्यानं काय केलंय?" घरातून चहा यायचा, बरोबर नानखटाई. सकाळचे अडीच तास, आठवड्यातले सहा दिवस. पाचवीपासून आठवीपर्यंत माझे हात असे कोणाला न सांगता तयार झाले. आणि वर्गात मात्र मी फक्त मेथीच्या वासाची मुलगी होते. आमच्या बाकावरची एक मुलगी नाकाला रुमाल लावून विचारायची, "आज कोथिंबीर का गं?" आणि ते बरोबर असायचं.

आठवी संपताना मास्तर म्हणाले, "हात बसला आता. पण एकटं वाजवणं म्हणजे भिंतीशी बोलणं. गाणाऱ्याच्या मागं बसायला शिक. साथ करायला शिक. ते माझ्या दुकानात नाही शिकता येणार." मास्तर शाळेत गॅदरिंगला बाईंच्या मुलींना साथ करायला यायचे. त्यांनीच बाईंना माझं नाव सांगितलं. बाईंनी मला वर बोलावलं, दहा मिनिटं ऐकलं, ओठ मिटून घेतले आणि म्हणाल्या, "हात जड आहे. पण ठेका सोडत नाहीस. गॅदरिंगला सगळ्या मुलीच हव्यात मला, तबल्यावरसुद्धा. जूनपासून ये." मी जिन्यावरून खाली आले ते पायऱ्या न मोजता.

विषयांच्या फॉर्मवर नानांनी माझ्यासमोर बसून, जीभ दातांत धरून सही केली. फॉर्मवर मी उच्च गणित लिहिलं. मग नाना बैलांना पाणी दाखवायला उठले तेव्हा त्याच्याखाली गायन-वादनही लिहिलं. शाळेच्या कारकुनांनी चष्मा वर करून फॉर्म बघितला. "दोन्ही? जेवायलाही दोन घरी जातेस का?" असं विचारून त्यांनी खालच्या ओळीवर शांतपणे लाल रेघ मारली. त्या रेघेवर माझं काम संपायला हवं होतं. संपलं नाही, कारण मला अबोल्याची सोय आठवली.

आधी मी बाईंकडे गेले. गायनाचा तास सोमवार, बुधवार, शुक्रवार असा होता. सांगितलं की मला गणित घ्यावं लागलंय, पण हे तीन दिवस खरे सर मला सोडणार आहेत.

बाई पेटीचा भाता बंद करून माझ्याकडे बघत राहिल्या. "खरे? सोडणार? काय म्हणाले?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण विचारलंच तर काहीतरी सांगावं लागतं. "म्हणाले, मी कलेच्या आड येणार नाही."

बाईंच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी तोवर त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. "असं म्हणाले?" त्यांनी दोनदा विचारलं, आणि दुसऱ्यांदा जरा हळू.

सरांकडे जाताना मी तयारी करून गेले. "सर, वैशंपायन बाईंना गॅदरिंगसाठी तबल्यावर मुलगी हवीय. तीन दिवस मला पाठवाल का, अशी त्यांनी विनंती केलीय."

"विनंती?" सरांनी खडू खाली ठेवला. "वैशंपायन बाईंनी? शब्द काय वापरला, बोडके?"

"कृपया म्हणाल्या, सर."

सरांनी खडू पुन्हा उचलला. मग म्हणाले, "राहिलेलं दुसऱ्या मुलींकडून उतरवून घ्यायचं. सबब चालणार नाही. आणि त्यांना सांग, हरकत नाही म्हणावं." मग माझ्या मागून हाक मारून, "नाही, असं सांग, की आनंदानं."

त्यानंतरचे सहा महिने मी सुखात काढले हे मान्य करायला हवं. तीन दिवस खाली अवयव पाडायचे, तीन दिवस वर बाईंच्या डाव्या हाताला बसायचं. साथ म्हणजे काय ते मला तिथे कळलं. गाणाऱ्या मुली कुठे श्वास घेतात, कुठल्या ओळीला दमतात, कोण पुढे पळते आणि तिला न दुखवता मागे कसं ओढायचं, हे सगळं बोटांनी करायचं असतं आणि ते केलंय हे कोणाला कळू द्यायचं नसतं. त्या कामात माझ्यासारखी मुलगी रमली नसती तरच नवल.

आणि त्याच वेळी शाळेत एक विचित्र गोष्ट घडायला लागली. सरांची काठी कोपऱ्यातच राहू लागली. बाईंनी एक दिवस जाड सतरंजी आणून तबल्याखाली अंथरली, "खाली त्रास नको" म्हणून. दोघांनी आपापले निरोप माझ्यामार्फत पाठवायला सुरुवात केली, आणि मी ते जिन्यात थोडे दुरुस्त करून पोचवायची. सर म्हणाले, "सांग त्यांना, चाचणी आहे, शुक्रवारी ठोकाठोक नको." जिन्याच्या वळणावर त्याचं झालं, "सर म्हणाले, चाचणी आहे, एरवी त्यांना ऐकायला आवडतं." बाई म्हणाल्या, "म्हणावं, आमचं गाणं त्यांच्या पाढ्यांपेक्षा बरं आहे." ते खाली पोचलं तेव्हा, "बाई म्हणाल्या, पाढ्यांच्या आवाजानं त्यांच्या मुलींची लय सुधारली." पुढे मी एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि दोन भांडणाऱ्या सहकाऱ्यांमध्ये पडायची वेळ अनेकदा आली, पण इतक्या सफाईनं मला ते पुन्हा कधी जमलं नाही. बहुधा खरं बोलायची सवय लागल्यामुळे.

सहामाहीत मला गणितात शंभरात त्रेचाळीस पडले. आठवीपर्यंत पंचाऐंशीच्या खाली आले नव्हते. सरांनी पेपर माझ्यापुढे ठेवला. मी पेपर वहीत घातला आणि घरी नानांना सांगितलं की पेपर अवघड होता. नाना म्हणाले, "आसनारच, उच्च हाय त्ये." त्यांनी इतक्या सहज मानलं की त्या दिवशी मी भाकरी नुसती कुस्करत बसले. आईनं माझ्या ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ताकाचं भांडं पुढे सरकवलं.

संक्रांतीला सगळं उघड झालं. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात मुली एकमेकींना तिळगूळ देत होत्या. मी खांबाला टेकून उभी होते आणि पाहिलं तर वैशंपायन बाई, काळी साडी नेसून, हातात डबी घेऊन, सरळ खरे सरांकडे चालल्या होत्या. मधल्या मुली वाट देत सरकल्या. बाईंनी डबी पुढे केली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "कलेच्या आड येणार नाही म्हणालात, ते मी विसरलेले नाही."

सरांचा हात डबीपर्यंत गेला होता, तो तिथेच राहिला. "मी? असं म्हणालो? अहो, कला हा शब्द उच्चारून मला वीस वर्षं झाली असतील. विनंती आपण केलीत. कृपया म्हणालात."

"मी कृपया म्हणाले? आपल्याला?"

दोघं एकाच वेळी वळले. शाळेत साडेतीनशे मुली होत्या, पण मला शोधायला त्यांना वेळ लागला नाही.

त्या रात्री घरात तिळाची पोळी होती आणि दुसऱ्या दिवशी नानांना शाळेत बोलावल्याची चिठ्ठी. नानांना चिठ्ठी मी वाचून दाखवली, आणि मग सगळंच सांगितलं. आई म्हणाली, "एका मानसाशी खोटं बोलल्याली मानसं बघितली म्या. तू दोघांस्नी एकाच जिन्यात फसवलंस व्हय? आन् वर त्यांची दोस्ती करून दिलीस!" मला वाटलं ती हसतेय. मग तिनं पदरानं डोळे पुसले, तेव्हा कळलं की दोन्ही होतं.

शिक्षकांच्या खोलीत नाना खुर्चीवर बसलेच नाहीत. धोतर, पांढरी टोपी, हात जोडलेले, आणि पायाशी बाईंसाठी की सरांसाठी ते न ठरवता आणलेली मेथीची मोठी जुडी. सर उभे होते, बाई बसल्या होत्या. मी दाराशी होते.

"मुलगी आमच्याशी खोटं बोलली," बाई म्हणाल्या. "सहा महिने."

"चूक हाय," नाना म्हणाले. "मला मान खाली घालाया लावली. तुमी काय शिक्षा द्याल ती मंजूर."

"शिक्षेचा प्रश्न नाही," सर म्हणाले. "एका तासाला दोन वर्ग चालणार नाहीत. मुख्याध्यापिकांचं तसं म्हणणं आहे. एक ठरवा."

नाना माझ्याकडे वळले. मला वाटलं ते गणित म्हणतील, आणि एकदा ते म्हणाले की मग मला आयुष्यभर त्यांच्यावर रुसता येईल. पण ते म्हणाले, "मी ठरीवनार न्हाई. माझ्या ठरीवन्यानंच ती खाली-वर पळत व्हती. सुमे, तूच सांग."

मी बाईंकडे बघितलं. बाई टेबलावरच्या कागदांची चळत सरळ करत होत्या, ती आधीच सरळ होती. मग सर बोलले. माझ्याशी नाही, नानांशी.

"हे बघा, हिला त्रेचाळीस मिळाले. चिडायला हवं होतं, आणि मी चिडलोही. पण ही त्रेचाळीसची मुलगी नाही. तिला हे माहीत नसेल. मला माहीत आहे."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. पण तोवर मला कौतुक करणारी माणसं भेटली होती, रागावणारी भेटली होती. मी आहे त्याहून कमी झाले म्हणून रागावणारं कोणी भेटलं नव्हतं. तबला मला शेख मास्तरांकडे मिळत राहिला असता. अर्धाच मिळाला असता, साथीशिवायचा, हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हणाले, "गणित."

बाईंनी मान हलवली. उठताना म्हणाल्या, "बरं झालं, स्वतः सांगितलंस. आता उगाच वर येऊ नकोस." त्या जिना चढून गेल्या तो आवाज मी दारातून ऐकला. मेथीची जुडी सरांनी घेतली. सर एकटे राहायचे आणि त्यांना मेथी निवडता येत नाही, हे दुसऱ्या दिवशी शिपाईमामांकडून कळलं. जुडी शेवटी मामांनीच घरी नेली.

शेख मास्तरांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते हातोडी खाली ठेवून ऐकत होते. मला वाटलं, ते म्हणतील की वाईट केलंस किंवा चांगलं केलंस. त्यांनी विचारलं, "बाईंची माफी मागितलीस?" मी नाही म्हटलं. "मग आधी ते काम कर," असं म्हणून त्यांनी पुन्हा हातोडी उचलली. त्या सकाळी चहा आला, तबला काही पुढे आला नाही. माफी मागायला मी तीन वेळा जिन्याच्या अर्ध्यापर्यंत गेले आणि परत आले. इतकी भित्री मुलगी दोन शिक्षकांना सहा महिने फिरवते, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

त्यानंतरचे चौथे तास सगळे खालीच. सरांनी शनिवारी शाळा सुटल्यावर मला थांबवून घ्यायला सुरुवात केली आणि जूनपासून राहिलेलं एकेक प्रकरण काढलं. गणित मला सुटायला लागलं, आवडायलाही लागलं, पण सोमवार-बुधवार-शुक्रवार वाईट जायचे. वर माझ्या जागी नली नावाच्या मुलीला बसवलं होतं. बिचारी मेहनती होती, पण गाण्याचं कडवं संपवून पुन्हा पहिल्या ओळीवर येताना दर वेळी एक मात्रा आधीच पोचायची. गाणाऱ्या मुली अजून वाटेत आणि ही दारात. मग गाणं फिस्कटायचं, बाई थांबवायच्या, पुन्हा सुरू व्हायचं आणि पुन्हा तिथेच पडायचं. मी खाली वहीत डोकं घालून बसायची. पण ती जागा जवळ आली की माझी पेन्सिल थांबायची आणि तोंड आंबट व्हायचं.

"बोडके," सर एकदा म्हणाले, "चूक वर होते आणि तोंड तू का वाकडं करतेस?"

मुली हसल्या. मी सरळ बसले.

गॅदरिंग चार दिवसांवर आलं होतं तो शुक्रवार. सर फळ्यावर समीकरण मांडत होते आणि वर गाणं सुरू होतं. पहिल्यांदा पडलं. दुसऱ्यांदा पडलं. पाचव्यांदा पडलं तेव्हा वर कोणीतरी रडायला लागल्याचा आवाज आला, नलीच असणार. बाईंचा आवाजही चढला. सर हात वर धरून उभे होते. मला वाटलं, आता काठी. सरांनी कोपऱ्याकडे बघितलंसुद्धा. मग खडू खाली न ठेवता, फळ्याकडेच तोंड करून म्हणाले, "बोडके, तुला कळतंय ना तिथे काय चुकतं ते?"

"हो सर."

"मग जा आणि सांगून ये. दोन मिनिटं. नाहीतर इथे ना त्यांचं गाणं होणार, ना माझं समीकरण."

मी जिना चढले. दारात पोचले तेव्हा नलीचा चेहरा लाल, मुली घामाघूम, आणि बाई कपाळाला हात लावून बसलेल्या. मला बघून त्यांनी हात काढला.

"काय गं? तुला सांगितलं होतं ना?"

"बाई, मला सरांनी पाठवलंय. नलीचं कुठे चुकतं ते सांगायला."

खोलीत सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. बाईंनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला स्वतःलाच शंका आली, आपण खरं बोलतोय ना. मग त्या उठल्या. पदर खोचला, माझा हात धरला नाही, नुसतं "चल" म्हणाल्या आणि माझ्यापुढे जिना उतरू लागल्या. सरांच्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्या दारात कधी पाऊल टाकलं नव्हतं. पन्नास मुली नकळत उठून उभ्या राहिल्या.

"खरे सर," बाई म्हणाल्या, "हिला आपण पाठवलंत?"

सर वळले. हातावर, बाहीवर खडू. डोक्यावर तक्तपोशीची माती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "मी पाठवली."

बाईंनी खोचलेला पदर सोडला. "कृपया?"

"असं समजा."

जिन्यात, बाईंच्या मागून चढताना, मी म्हणाले, "बाई, माझं चुकलं." त्यांनी मागे वळून बघितलं नाही. "पायऱ्या बघून चढ," म्हणाल्या. वर गेल्यावर मी नलीशेजारी बसले. तिला सांगितलं, हाताकडे बघू नकोस, पहिल्या रांगेतल्या मुलींकडे बघ. त्या खांदे वर करून श्वास घेतील, त्यानंतर ये, आधी नाही. एकदा तिच्या बोटांवर बोटं ठेवून मी तिला थांबवून धरलं. श्वास आला, आम्ही दोघी आलो, आणि गाणं उभं राहिलं. मग ते तिनं एकटीनं केलं. मग आणखी एकदा. मी उठले तेव्हा बाई पेटीवरून नजर न काढता म्हणाल्या, "शेख मास्तरांना सांग, मुलीचा हात आता जड नाही म्हणावं."

खाली आले. वर्गाच्या दारात उभी राहिले.

"दोन म्हणालो होतो," सर म्हणाले. "अकरा झाली."

"हो सर."

"जमलं?"

"जमलं, सर."

"बस."

मी बसले. वर गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, आणि कडवं संपून ती जागा आली तेव्हा आमच्या वर्गातल्या पन्नास मुलींनी श्वास रोखून धरला. नली बरोबर पोचली. तक्तपोशीतून सरांच्या टकलावर थोडी माती पडली. ती त्यांनी झटकली नाही. फळ्यावर समीकरण अर्धं होतं, सरांच्या हातात खडू होता, आणि घंटा होईपर्यंत त्यांनी पुढचं अक्षर लिहिलं नाही.